पताका दिसते, वारकरी आहे का? यीस्टमधल्या आरएनए-चित्रणाचं एक प्रकरण

पाव फुगवायला बेकरीत जे यीस्ट वापरतात, त्याची पेशी अंकुर फुटून वाढते. आईपेशीच्या अंगावर एक बोंड येतं, ते मोठं होतं आणि शेवटी लेक म्हणून वेगळं निघतं. दोघींचा डीएनए अगदी एकसारखा. तरीही एक फरक राहतो. एकदा विभागून झालेली आईपेशी आपला प्रजनन-प्रकार बदलू शकते, नवी लेक बदलू शकत नाही. कारण लेकीच्या केंद्रकात अ‍ॅश1 नावाचं प्रथिन असतं आणि हा बदल घडवणारं एचओ जनुक ते गप्प बसवतं. मग हे प्रथिन फक्त लेकीकडेच कसं पोचतं? तर प्रथिन बनवण्याचा निरोप, म्हणजे अ‍ॅश1चा एमआरएनए, विभाजनाच्या शेवटच्या टप्प्यात आईपेशीतून उचलून अंकुराच्या टोकाशी नेला जातो.

1997 मध्ये दोन गटांनी हे स्वतंत्रपणे दाखवलं. त्यांनी पेशी फॉर्मल्डिहाइडमध्ये स्थिर केल्या, आरएनएला चिकटणारे चमकते डीएनएचे तुकडे आत सोडले आणि पाहिलं, तर अंकुराच्या टोकाशी सगळी चमक गोळा झालेली. चित्र स्वच्छ होतं, पण पेशी मेलेली होती. एसटी स्टँडवर उभी असल्याचा फोटो पाहून ती कुठल्या रस्त्यानं आली, वाटेत किती थांबली, हे कळत नाही. त्यासाठी जिवंत पेशीत, हलता आरएनए पाहायला हवा. आणि आरएनए स्वतः चमकत नाही. अडचण सगळी इथूनच सुरू होते.

या लेखात एकच प्रकरण सविस्तर मांडायचं आहे: जिवंत पेशीत आरएनए दाखवणारी सर्वांत यशस्वी रीत, एमएस2 पद्धत, यीस्टमध्ये कुठे फसली, ते कुणाच्या लक्षात आलं आणि ती दुरुस्त कशी झाली. जिवंत पेशीतलं चित्रण करणाऱ्या प्रत्येकानं हे प्रकरण मुळापासून समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. त्यातली चूक निष्काळजीपणाची नव्हती. चांगल्या हातांनी, विचार करून बांधलेल्या साधनातच ती दडलेली होती.

खूण बांधायची युक्ती

एमएस2 हा ई. कोलाय जीवाणूला ग्रासणारा विषाणू. त्याचा जीनोम आरएनएचा आणि जेमतेम 3,569 न्यूक्लिओटाइडचा. 1976 मध्ये बेल्जियममधल्या गेंट इथे वॉल्टर फिअर्स यांच्या गटानं तो पूर्ण वाचला; संपूर्ण वाचला गेलेला तो पहिला जीनोम. या आरएनएमध्ये एका ठिकाणी केसांतल्या आकड्यासारखी एक घडी पडते, हेअरपिन म्हणतात ती. साधारण 19 न्यूक्लिओटाइडची ही घडी विषाणूचं कवच-प्रथिन अचूक ओळखतं आणि जोडीजोडीनं तिला घट्ट धरतं.

न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या रॉबर्ट सिंगर यांच्या प्रयोगशाळेनं ही पकड कामाला लावली. एदुआर बेर्त्राँ आणि सहकाऱ्यांचा 1998 चा 'मॉलिक्युलर सेल'मधला शोधनिबंध या क्षेत्रातला मैलाचा दगड मानला जातो. युक्ती दोन भागांची. ज्या आरएनएचा माग काढायचा त्याच्या शेपटाकडे हेअरपिनची माळ जोडायची. पहिल्या प्रयोगात अशा सहा हेअरपिन होत्या. दुसरीकडे त्याच पेशीत कवच-प्रथिनाला हिरवं चमकणारं जीएफपी जोडून ते बनवत राहायचं. जीएफपी धरलेलं कवच-प्रथिन हेअरपिनवर जाऊन बसलं की आरएनए जिथे जाईल तिथे हिरवा ठिपका जाईल. पार्श्वभूमी उजळू नये म्हणून या जोडप्रथिनाला केंद्रकात जाण्याचा पत्ताही चिकटवला होता. म्हणजे रिकामं उरलेलं जीएफपी केंद्रकात जाऊन बसेल आणि पेशीद्रव्यात काळोख राहील.

ठिपका दिसला, चाललाही. आईपेशीतून अंकुराकडे जाताना त्याचा वेग सेकंदाला 200 ते 440 नॅनोमीटर भरला. हा वेग मायो4 या मोटर-प्रथिनाच्या चालीशी जुळणारा होता. शी2 आरएनएला धरतं, शी3 दुवा होतं आणि मायो4 ॲक्टिनच्या तंतूवरून ओझं ओढत नेतं, हे जनुकीय प्रयोगांतून जुळत आलेलं चित्र आता डोळ्यांसमोर हललं. मला या शोधनिबंधाबद्दल आजही आदर आहे. आरएनएची वाहतूक ही कल्पना तोवर बरीचशी अनुमानावर उभी होती. त्या दिवसापासून ती पाहण्याची गोष्ट झाली.

पुढे माळ लांबत गेली. एकच रेणू ठळक दिसावा म्हणून 24 हेअरपिनची माळ रूढ झाली. प्रत्येकीवर प्रथिनाची जोडी बसते, म्हणजे सगळ्या भरल्या तर एका आरएनएवर 48 जीएफपी. इथे जरा वजनाचा हिशेब करून पाहू. कवच-प्रथिन साधारण 14 किलोडाल्टनचं, जीएफपी 27चं. दोन्ही मिळून 41 किलोडाल्टन. 48 नी गुणलं की जवळजवळ 2,000 किलोडाल्टन. तीन हजार न्यूक्लिओटाइडचा एमआरएनए स्वतः भरतो हजाराच्या आसपास. खूण बांधलेल्या वस्तूपेक्षा खूणच दुप्पट जड! तरीही आरएनए योग्य जागी पोचत होता, त्यापासून प्रथिन बनत होतं, म्हणून हे वजन सगळ्यांनी मान्य केलं.

आषाढी वारीत आपण लांबून दिंडी ओळखतो ती पताकेवरून. गर्दीत माणूस दिसत नाही, पताका दिसते. पताका पुढे सरकली की वारकरी पुढे गेला असं आपण धरून चालतो. एमएस2 पद्धत याच गृहीतकावर उभी आहे. सूक्ष्मदर्शकाला आरएनए कधीच दिसत नाही, त्याला पताका दिसते. पताकेखाली वारकरी आहे, हे आपण मानलेलं असतं.

निरोप संपतो कसा

एमआरएनए कायमचा नसतो. यीस्टमध्ये त्याचं आयुष्य बहुधा मिनिटांत मोजायचं असतं. आधी शेपटीची ॲडेनिनची लांब साखळी कातरली जाते. मग डीसीपी1 आणि डीसीपी2 ही प्रथिनं डोक्यावरची टोपी काढतात. टोपी गेली की एक्सआरएन1 हे विकर पुढच्या, म्हणजे 5' टोकापासून खायला सुरुवात करतं आणि एकेक न्यूक्लिओटाइड तोडत 3' टोकाकडे सरकत जातं. एक्सआरएन1 आरएनएचा सुटा धागा एका अरुंद वाटेतून आत ओढतं. वाटेत घडी आली तर ती उलगडावी लागते. आणि त्या घडीला कुणी घट्ट धरून बसलं असेल तर?

हे चित्र ज्यांनी उभं केलं त्यांत रॉय पार्कर यांचं नाव फार वरचं. 1990 च्या दशकात ॲरिझोना विद्यापीठात असताना त्यांच्या गटासमोर अडचण होती ती अशी की, एक्सआरएन1 इतक्या झपाट्यानं खातं की अर्धवट खाल्लेला आरएनए हाती लागतच नाही. सगळा आहे किंवा अजिबात नाही, एवढंच दिसतं. मग आरएनए पुढून खाल्ला जातो की मागून, हे ठरवायचं कसं? त्यांनी आरएनएच्या मध्ये ग्वानिनची सलग रांग घातली. ग्वानिनची रांग स्वतःभोवती इतकी पक्की गुंडाळते की एक्सआरएन1 तिच्यापाशी अडतं. अडलं की मागचा तुकडा शिल्लक राहतो आणि रेणू लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर वेगळी पट्टी म्हणून दिसतो. एमएफए2 या अल्पायुषी एमआरएनएवर 1994 मध्ये याच सापळ्यानं त्यांनी दाखवलं की आधी शेपूट कातरली जाते, मग टोपी निघते आणि मग 5' कडून 3' कडे खाणं सुरू होतं.

म्हणजे एक्सआरएन1च्या वाटेत धोंडा ठेवला की तुकडा उरतो, हे यीस्टवाल्यांना एमएस2 चित्रण सुरू होण्याच्या आधीपासून माहीत होतं. आणि एमएस2 ची माळ कशाची? घड्यांची. त्याही एक-दोन नाहीत, चोवीस. प्रत्येकीला प्रथिनाची जोडी कवटाळून बसलेली. शिवाय माळ 3' कडे, जिथे एक्सआरएन1 सर्वांत शेवटी पोचतं.

आता मागे वळून पाहताना हे इतकं उघड वाटतं की आधी कसं सुचलं नाही असा प्रश्न पडतो. माझ्या मते कारण साधं आहे. चित्रण करणारे वाहतुकीचा अभ्यास करत होते आणि आरएनएच्या नाशाचा अभ्यास करणारे जेलवर पट्ट्या मोजत होते. दोघांची दुकानं वेगळी होती. वाहतुकीचा प्रश्न विचारणाऱ्याला शेवटी तुकडा उरला की नाही, याची फिकीर नव्हती. त्याचा आरएनए अंकुरात पोचला की त्याचं काम झालेलं असे.

2015: जुन्या जेलवरची खालची पट्टी

2015 मध्ये पार्कर कोलोरॅडो विद्यापीठात, बोल्डरला होते. जेनिफर गार्सिया आणि पार्कर यांनी 'आरएनए' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचं सांगणं असं: यीस्टमध्ये एमएस2 माळेवर कवच-प्रथिन बसलं की 5' ते 3' हा नाश माळेपाशी अडतो आणि माळ असलेले तुकडे पेशीत साचतात.

पुराव्याची रीत नॉर्दर्न ब्लॉट. आजच्या विद्यार्थ्यांना ती जुनाट वाटते, म्हणून जरा जवळून पाहू. यीस्टमधून गरम फिनॉल वापरून सगळा आरएनए काढायचा. फॉर्मल्डिहाइड घातलेल्या जेलवर तो लांबीप्रमाणे पसरवायचा. लांब रेणू वर अडकतात, आखूड खाली सरकतात. मग तो पडद्यावर उतरवून घ्यायचा आणि हवा तो क्रम ओळखणारा शोधक लावायचा. आपण बांधलेल्या आरएनएची एकच पट्टी, योग्य उंचीवर दिसली तर ठीक. पण तिच्याखाली, माळेच्या लांबीच्या आसपास, आणखी एक पट्टी दिसली तर समजायचं की पुढचा भाग खाऊन झाला आहे आणि माळ मागे राहिली आहे. जनुक बंद करून दर काही मिनिटांनी नमुने घेतले तर गोष्ट आणखी स्पष्ट होते. वरची पट्टी फिकट होत जाते, खालची तशीच ठाण मांडून बसते.

सूक्ष्मदर्शकाला या दोन पट्ट्यांत काहीच फरक कळत नाही. दोन्हींवर माळ आहे, माळेवर जीएफपी आहे. अख्खा एमआरएनएही हिरवा ठिपका, उरलेलं शेपूटही हिरवा ठिपका, आणि दोन्ही तितकेच तेजस्वी. वारकरी केव्हाच गेला, पताका रस्त्यात रोवलेली राहिली आणि आपण दिंडी मोजत बसलो.

याचा फटका कुठल्या निष्कर्षांना बसतो? ज्यांत एमआरएनए किती वेळ टिकतो, नाश होताना कुठे असतो, हे विचारलं होतं, त्यांना सर्वांत जास्त. त्यातला मोठा विषय पी-बॉडींचा. पेशीवर ताण आला, उदाहरणार्थ ग्लुकोज तोडलं, की यीस्टच्या पेशीद्रव्यात काही ठिपके ठळक होतात आणि त्यांत डीसीपी1, डीसीपी2, एक्सआरएन1 एकवटलेली दिसतात. 2003 मध्ये उज्ज्वल शेठ आणि पार्कर यांनीच 'सायन्स'मध्ये मांडलं होतं की टोपी काढणं आणि नाश या ठिकाणी घडतो. त्यानंतर खूण बांधलेले एमआरएनए पी-बॉडीत जाताना अनेकांनी पाहिले. पण ते एमआरएनए होते, की एक्सआरएन1पाशी अडकून राहिलेले माळेचे तुकडे? तुकड्यांना नाश करणाऱ्या यंत्रणेच्या जवळ साचायला कारण होतंच. म्हणजे पार्कर यांची ही शंका त्यांच्याच गटानं रूढ केलेल्या कल्पनेच्या पुराव्यालाही भिडत होती. हे मला या प्रकरणातलं सर्वांत प्रामाणिक पाऊल वाटतं.

उत्तर, प्रत्युत्तर

हे ऐकून चित्रण करणारे गप्प बसणार नव्हते. 2016 मध्ये गाल हायमोविच आणि सहकाऱ्यांनी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं. हे काम इस्राएलच्या वाइझमान संस्थेतल्या जेफ्री गेर्स्ट यांच्या प्रयोगशाळेतलं होतं. गेर्स्ट यांच्या गटानं 2007 मध्येच माळ थेट गुणसूत्रावरच्या मूळ जनुकात घालण्याची रीत तयार केली होती. त्यांचा मुद्दा रास्त होता: प्लास्मिडवरून, म्हणजे पेशीत बाहेरून घातलेल्या डीएनएच्या छोट्या कडीवरून, भरमसाट आरएनए आणि भरमसाट कवच-प्रथिन बनवलं तर तुकडे साचणारच, जनुक आपल्या जागी, आपल्या प्रमाणात ठेवा, प्रथिन मोजून वापरा आणि निकाल खूण नसलेल्या पेशीतल्या फिशशी ताडून पाहा. फिश म्हणजे 1997 ची तीच स्थिर पेशीवरची पद्धत, आता एकेक रेणू मोजण्याइतकी बारीक झालेली.

गार्सिया आणि पार्कर यांनी त्याच वर्षी पुन्हा लिहिलं: माळ गुणसूत्रात घातली तरी 3' कडचे तुकडे साचतात, आणि हे वेगवेगळ्या एमआरएनएंमध्ये सर्रास घडतं.

कोण बरोबर? मला वाटतं, दोघांचंही म्हणणं आपापल्या प्रश्नापुरतं खरं होतं. पुरेसा काळ जगणारा आणि बहुतेक वेळ अख्खाच सापडणारा एमआरएनए घेतला आणि त्याची जागा विचारली तर तुकड्यांचा गोंधळ थोडा. मिनिटांत संपणारा, घटकेत चालू घटकेत बंद होणारा एमआरएनए घेतला आणि त्याचा अंत विचारला, तर गोंधळ चित्राचा ताबाच घेतो. 2017 मध्ये झुरिकच्या ईटीएचमधल्या कार्स्टन वाइस यांच्या गटानंही दाखवलं की अशा हेअरपिनच्या खुणा आरएनएच्या केंद्रकातल्या आणि पेशीद्रव्यातल्या, दोन्हीकडच्या प्रक्रियेत ढवळाढवळ करू शकतात. आता हा वाद दोन गटांपुरता राहिला नव्हता.

पकड सैल करायची

यानंतरचं पाऊल सिंगर यांच्या प्रयोगशाळेत एवेलिना टुटुच्ची यांनी टाकलं. दोष घड्यांत नाही, पकडीत आहे, असं धरलं तर? कवच-प्रथिन इतकं घट्ट बसतं की एक्सआरएन1 येऊन ठेपलं तरी सुटत नाही. हेअरपिनच्या फासातलं एक युरासिल बदलून तिथे सायटोसिन घातलं की पकड आणखी आवळते, हे आधीपासून माहीत होतं आणि चित्रणासाठी तीच आवळ पकड पसंत केली जात होती. ठिपका ठळक हवा तर प्रथिन सुटता कामा नये, असा सरळ विचार त्यामागे होता. तो आता उलटवायचा होता. प्रथिन चित्र काढण्यापुरतं बसलं पाहिजे, पण एक्सआरएन1 आलं की बाजूला झालं पाहिजे.

अशी नवी माळ बनली. तिचं नाव एमबीएस-व्ही6. 2018 मध्ये 'नेचर मेथड्स'मध्ये ती प्रसिद्ध झाली. निबंधाच्या लेखकांत टुटुच्ची, मारिया व्हेरा, जीत बिस्वास, सिंगर यांच्यासोबत दोन नावं आहेत: गार्सिया आणि पार्कर. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी पद्धतीवर बोट ठेवलं तेच दुरुस्तीच्या कामात बसले. नव्या माळेत खोट सापडते का, हे तपासायला त्यांच्यापेक्षा चांगलं कोण होतं?

तपासणी दोन रंगांच्या फिशनं करता येते आणि तीच मला सर्वांत समाधान देणारी वाटते. एका रंगाचे शोधक जनुकाच्या प्रथिन सांगणाऱ्या भागाला, दुसऱ्या रंगाचे माळेला. आरएनए अख्खा असेल तर दोन्ही रंग एकाच ठिकाणी पडतात. पुढचा भाग खाल्ला गेला असेल तर माळेचा रंग एकटाच दिसतो. म्हणजे पताकेबरोबर वारकरीही पाहायचा. हा प्रयोग पेशी मारूनच करावा लागतो. जिवंत चित्र खरं आहे की नाही, हे मेलेल्या पेशीला विचारायचं.

टुटुच्ची यांच्या गटानं चार एमआरएनए निवडले आणि निवड विचारपूर्वक होती. एमडीएन1 आणि डीओए1 हे सतत थोडेथोडे बनणारे. एमडीएन1 हे तर यीस्टमधलं सर्वांत लांब जनुक, त्यावरचं प्रथिन 4,910 अमिनो आम्लांचं. उरलेले दोन कडक नियंत्रणाखालचे: गॅलॅक्टोज दिलं की चालू होणारा आणि ग्लुकोज दिलं की झटकन बंद पडणारा गॅल1, आणि आपला अ‍ॅश1, पेशीचक्राच्या ठरावीक घटकेपुरता जन्मणारा. चौघांचीही मूळ जनुकं व्ही6 माळेनं खुणावली आणि चौघांचाही नाश नेहमीसारखा झाला. एकेक रेणू दिसण्याची ताकदही कायम राहिली. म्हणजे अल्पायुषी एमआरएनएचं जन्मापासून अंतापर्यंतचं पूर्ण आयुष्य आता पाहता येऊ लागलं.

आणि पी-बॉडी? ताणाच्या वेळी एमआरएनए एकत्रितपणे पी-बॉडीत भरती होतात, हे नव्या माळेनं दिसलं नाही. नाश पेशीद्रव्यात जागोजागी, विखुरलेला आढळला. आधीच्या निष्कर्षांच्या विरोधात जाणारं हे विधान निबंधाच्या सारांशातच उघडपणे आहे, आणि त्याखाली पार्कर यांचंही नाव आहे.

मग 1998 चं काय?

विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतात आणि तो योग्य आहे. अ‍ॅश1 अंकुराच्या टोकाशी जातो, हे स्थिर पेशीतल्या, कुठलीही माळ नसलेल्या आरएनएवर 1997 मध्येच दिसलं होतं. मायो4, शी2, शी3 काढून टाकले की तो पोचत नाही, हे जनुकीय पुराव्यानं पक्कं आहे. त्यामुळे वाहतूक टिकते. डळमळीत होतात त्या अशा गोष्टी: एमएस2 ठिपके मोजून काढलेली एमआरएनएची संख्या, ठिपके किती वेळ टिकले यावरून काढलेलं आयुष्य, आणि ताणाच्या वेळी ठिपके कुठे साचले यावरून काढलेली नाशाची जागा. एखादा जुना यीस्ट-निबंध वाचताना मी आता हीच चाळणी लावतो: प्रश्न रस्त्याचा होता की शेवटाचा?

हा दोष सगळ्या प्राण्यांना सरसकट लावणं मात्र चूक ठरेल. सस्तन प्राण्यांच्या पेशीत पुष्कळ एमआरएनए तासन्‌तास जगतात, त्यामुळे अडकलेल्या तुकड्यांचा वाटा कमी पडण्याची शक्यता असते. सिंगर यांच्या प्रयोगशाळेनं 2011 मध्ये असा उंदीर तयार केला ज्याच्या बीटा-ॲक्टिन जनुकात 24 हेअरपिनची माळ आहे. जनुकाच्या दोन्ही प्रतींत माळ असलेले उंदीरही जगतात, त्यांना पिल्लं होतात. 2019 मध्ये सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या हे यून पार्क यांच्या गटानं याच उंदरांवर नेमका हा प्रश्न विचारला आणि नाशातले अर्धवट तुकडे साचत नसल्याचं दाखवलं. प्रत्येक जिवासाठी, किंबहुना प्रत्येक एमआरएनएसाठी, ही तपासणी नव्यानं करावी लागते. यीस्टचा निकाल उंदरावर किंवा उंदराचा यीस्टवर उसना आणता येत नाही.

मग खूणच दुसरी वापरली तर? पर्याय आहेत. 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या सॅमी जॅफ्री यांच्या गटानं 'स्पिनॅच' हा आरएनएचाच तुकडा दाखवला. तो एका छोट्या रंगद्रव्याला धरतो आणि धरल्यावरच ते चमकतं, म्हणजे प्रथिनांचं ओझं नाही. पुढे ब्रॉकोली, मँगो, पेपर आले; नावांवरून कुणाला भाजीबाजार आठवावा. पण तेही आरएनएमध्ये घातलेल्या घड्याच आहेत, आणि एकेक रेणू दिसण्याइतका प्रकाश त्यांतून मिळवणं अवघड जातं. संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांचे 1996 चे आण्विक दीप, मॉलिक्युलर बीकन, मूळ आरएनएला न बदलता चिकटतात, पण ते पेशीत बाहेरून सोडावे लागतात. यीस्टच्या जाड भिंतीआड हे काम सोपं नाही. कापण्याची धार काढून टाकलेल्या कॅस13 प्रथिनाला जीएफपी जोडूनही आरएनए दाखवता येतो. मात्र तेही आरएनएला धरून बसणारं प्रथिनच आहे. त्यालाही हाच प्रश्न विचारावा लागेल.

म्हणून यीस्टवर एमएस2 वापरून काम सुरू करणाऱ्या कुणीही पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी कराव्यात असा माझा आग्रह असतो. माळ घातलेल्या पेशीचा आरएनए काढून, कवच-प्रथिन असताना आणि नसताना, नॉर्दर्न ब्लॉट करावा आणि खाली पट्टी आहे का ते डोळ्यांनी पाहावं. मग दोन रंगांचं फिश करून एकट्या माळेचे ठिपके शंभरात किती पडतात ते मोजावं. सुंदर चलचित्र नंतर काढता येतं. आधी चलचित्र काढलं की त्याच्या प्रेमात पडायला होतं, आणि मग खालच्या पट्टीकडे बघवत नाही.

बासेलच्या फ्रीडरिश मीशर संस्थेतल्या जेफ्री चाओ यांच्या गटानं तर या दोषालाच हत्यार बनवलं. 2017 मध्ये 'मॉलिक्युलर सेल'मध्ये आलेली त्यांची पद्धत 'ट्रीट' नावानं ओळखली जाते. डेंग्यू ज्या कुळातला, त्या फ्लॅव्हिव्हायरसच्या आरएनएमध्ये एक्सआरएन1ला हमखास अडवणाऱ्या गाठी असतात. चाओ यांच्या गटानं अशा गाठी एमआरएनएच्या शेपटाकडच्या भागात मुद्दाम घातल्या. गाठींच्या अलीकडे पीपी7 या दुसऱ्या विषाणूच्या हेअरपिन, पलीकडे एमएस2 च्या, दोन्हींना वेगवेगळे रंग. दोन्ही रंग एकत्र असले तर एमआरएनए अख्खा. एमएस2 चा रंग एकटा उरला तर पुढचा भाग नुकताच खाल्ला गेला. इथे मागे राहिलेला तुकडा ही मोजणी आहे, आणि तो किती काळ टिकतो हेही ठाऊक आहे. माणसाच्या पेशींत त्यांनी असे एकेक अंत मोजले, तर ते पेशीद्रव्यात विखुरलेले सापडले, पी-बॉडीत गोळा झालेले दिसले नाहीत.